उकिरड्याची कैफियत

सुधारलेल्या मनुष्याची ओळख काय, असा प्रश्न कोणी आम्हांस केला तर आम्ही असें उत्तर देऊं कीं, आपला कचरा कोठें जातो हें ज्यास ठाऊक नसतें तो सुधारलेला मनुष्य होय. अडाणी समजला जाणारा शेतकरी घरांतील राख, भाजीचे देंठ आणि गोठ्यांतील शेण परसांतील उकिरड्यावर टाकतो. तो उकिरडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, त्याची घाण त्याच्याच नाकास येते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तेंच खत पाटीनें वाहून तो आपल्या शेतांत नेतो. उलट शहरांतील सुशिक्षित गृहस्थ सकाळीं दारापाशीं पिशवी ठेवतो, घंटागाडी येते, पिशवी जाते आणि तिच्याबरोबर त्या गृहस्थाची जबाबदारीहि जाते. यांपैकीं पहिल्यास आपण गलिच्छ म्हणतों व दुसऱ्यास स्वच्छ. या दोन विशेषणांची आपण अदलाबदल करून बसलों आहों, आणि त्या चुकीची किंमत खेडीं भरीत आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हल्लीं ‘पर्यावरणपूरक ग्रामविकास’ हा शब्द सभासंमेलनांतून आणि परिपत्रकांतून इतका ऐकूं येतो कीं, खेडें म्हणजे जणूं मुळापासून घाणींत लोळत पडलेलें मूल असून शहरानें त्यास न्हाऊं घालण्यासाठींच अवतार घेतला आहे, असा कोणाचाहि समज व्हावा. व्याख्याते शहरांतून येतात, बाटलींतील पाणी पितात, पुनर्वापराचें माहात्म्य सांगतात आणि परत जातात. बाटली मात्र गांवांतच राहते. या उपदेशांत चुकीचें असें फारसें नसतें. तो चुकीच्या माणसास केलेला असतो, एवढेंच.

पनवेलचेंच उदाहरण घेऊं. येथील नगरपालिका १८५२ सालची. देशांतील अगदीं जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. ज्या काळीं पनवेल हें भाताच्या व्यापाराचें बंदर होतें, त्या काळीं भोंवतालच्या खेड्यांत टाकाऊ असें फारच थोडें होतें. भाताचा पेंढा गुरांस जाई, कोंडा कोंबड्यांस, आणि तूस विटांच्या भट्टीस. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्या अंथरून राब भाजीत व त्याच भूमींत भाताचें बीं टाकीत. पळसाच्या पानांची पत्रावळ जेवण होतांच गुरांपुढें किंवा उकिरड्यावर पडे. फाटकें लुगडें गोधडींत जाई, गोधडी विरली कीं तिचें पोतेरें होई. बऱ्यापैकीं जुनेरें असलें तर बोहारणीशीं हुज्जत घालून त्यावर एखादें पातेलें मिळवीत. फुटकें पितळ तांबटाकडे आणि मोडकें लोखंड लोहाराकडे जाई. या सर्वांस कोणी पुनर्वापर म्हणत नसे. यास संसार म्हणत.

हा क्रम मोडला तो खेड्यांतील माणसें एकाएकीं आळशी झालीं म्हणून नव्हे. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या टापूंतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं नेमल्या गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत शेतकऱ्यांनीं केलेलें आंदोलन आणि त्यांत गोळीबारानें गेलेले पांच बळी हा इतिहास या भागांत कोणी विसरलेला नाहीं. परंतु त्या इतिहासाची एक बाजू कोणी सांगत नाहीं. शेत गेलें तेव्हां गुरें गेलीं. गुरें गेलीं तेव्हां शेण गेलें. आणि खत टाकावयास शेतच उरलें नाहीं तेव्हां उकिरड्यास कांहीं अर्थ उरला नाहीं. जें काल खत होतें तें आज घाण ठरलें. कचरा ही वस्तु नव्हे, ती एक अवस्था आहे. ज्या पदार्थाची पुढची वाट तुटली तो कचरा होय. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेलची महानगरपालिका झाली व भोंवतालचीं कित्येक गांवें तिच्या पोटांत गेलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. शहर वाढतें आहे, आणि ही तुटलेली वाट शहरासंगें दर वर्षीं आणखी कांहीं मैल पुढें सरकत आहे.

जमिनीच्या मागोमाग आलें वेष्टन. माथेरानच्या पायथ्याशीं धोदाणी-मालडुंगे भागांत ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. तेथील लहानशा दुकानांतहि चहापूड, तेल, साबण आणि बिस्किटें हीं सर्व चकचकीत पुड्यांतून टांगलेलीं दिसतात. या पुड्या त्या वाडीनें मागितल्या नव्हत्या. त्या उकिरड्यावर कुजत नाहींत, गुरांस चालत नाहींत, आणि भंगारवालाहि त्यांस हात लावीत नाहीं. शेकडों पिढ्या ज्या समाजानें कुजणारेंच टाकलें, त्याच्या हातीं आपण न कुजणारें दिलें, आणि आतां तो तें कोठेंहि टाकतो म्हणून आपण त्यास नागरिकशास्त्र शिकवावयास निघालों आहों.

याच भागांत पावसाळ्यांतल्या रविवारीं जाऊन पाहावें. गाढेश्वराजवळ, देहरंग धरणाच्या बाजूस, वर्षासहलीस आलेल्या मंडळींच्या मोटारींची रांग लागलेली असते. ही मंडळी आपल्यासारखीच शिकलेलीं, सुखवस्तु, मुलांस उत्तम शाळांत घालणारीं असतात. संध्याकाळीं तीं परततात तेव्हां काठावर बाटल्या, थर्मोकोलच्या ताटल्या आणि पुड्या उरतात. दुसऱ्या दिवशीं ती घाण उचलावयाची ती वाडीवरील माणसांनीं. आणि गंमत अशी कीं, हेंच देहरंगचें पाणी नळानें पनवेल शहरांत येतें. आपण टाकलेल्याचा अर्क आपणच पितों. परंतु मध्यें नळ आणि कांहीं मैलांचें अंतर असल्यामुळें आपल्या स्वच्छतेस बाध येत नाहीं!

शहर आपला कचरा टाकतें कोठें, हा पुढचा प्रश्न. तो टाकतें खेड्यांत. मुंबईची देवनारची क्षेपणभूमि १९२७ सालची. जानेवारी २०१६ मध्यें ती पेटली तेव्हां धुराचे लोट अर्ध्या मुंबईनें पाहिले. पुण्यानें आपला कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गांवांच्या माथीं मारला, आणि तेथील लोकांनीं गाड्या अडविल्या तेव्हांच पुणेंकरांस या दोन गांवांचीं नांवें पाठ झालीं. पनवेलच्या बाजूसहि तळोज्याजवळील घोट-चाळ भागांतील रहिवाशांचें गाऱ्हाणें निराळें नाहीं. घन कचऱ्याची ही तऱ्हा, तर द्रव कचऱ्याची याहून वाईट. ऑगस्ट २०१७ मध्यें तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींत भटकीं कुत्रीं निळीं झालेलीं लोकांनीं पाहिलीं. कासाडी नदींत रंग सोडला गेला होता आणि बिचारे मुके प्राणी त्यांत उतरले होते. त्या चित्रांचें जगभर कौतुक झालें. आम्हांस मात्र असें वाटलें कीं, कुत्र्यांचा रंग तरी दिसला; त्याच नदीवर पूर्वीं मासळी धरून पोट भरणाऱ्यांच्या संसाराचा उडालेला रंग कोणास दिसला नाहीं.

ही केवळ आपल्याच देशाची कथा नाहीं. मेक्सिको देशांतील ओआहाका प्रांताच्या राजधानीचा कचरा सुमारें चाळीस वर्षें साचिला या शेजारच्या गांवीं पडत होता. ऑक्टोबर २०२२ मध्यें तेथील लोकांनीं ती भूमि बंद पाडली. सुंदर चौकांबद्दल प्रसिद्ध असलेल्या त्या नगरींत रस्तोरस्तीं कचऱ्याचे ढीग लागले, आणि मगच तेथील नागरिक ओला व सुका कचरा वेगळा करूं लागले. वेगळें करणें इतके दिवस अशक्य होतें असें नव्हे. टाकावयास शेजारी होता तोंवर त्याची गरज कोणास भासली नाहीं. मनुष्यस्वभावाचा हा नियम ओआहाकास जसा लागू, तसाच पनवेलासहि लागू आहे.

येथें एका वर्गाचा आम्हांस मोठ्या उत्साहानें पाठिंबा मिळेल, आणि तो आम्ही नम्रपणें नाकारतों. हा वर्ग म्हणेल कीं, जुन्या खेड्यांत सर्व कांहीं होतें, तेव्हां जुन्या खेड्याकडे परत चला. अहो, जुन्या खेड्यांत कोण काय उचलीत होता, हें विसरून कसें चालेल? मेलेलें ढोर कोणी ओढावयाचें, मैला कोणीं वाहावयाचा, हें तेथें जन्मानें ठरलेलें होतें. आणि जो घाण उचली त्यास पाणवठ्यावर जागा नव्हती. याच जिल्ह्यांत, महाडास, १९२७ मध्यें चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. घटनासमितींत १९४८ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या गोडव्यांवर जी कठोर टीका केली, तिला उत्तर देण्यापूर्वीं त्या गोडवे गाणाऱ्यांनीं एकदां तरी हातीं झाडू धरावयास पाहिजे होता. आम्हांस जुना उकिरडा हवा आहे. त्या उकिरड्याभोंवतींची जुनी व्यवस्था नको आहे. आणि या दोन गोष्टी वेगळ्या करतां येतात, हें महाराष्ट्रांत पूर्वींच सिद्ध झालें आहे.

तें सिद्ध करणाऱ्यांत पहिलें नांव अप्पासाहेब पटवर्धनांचें. १९३२ मध्यें रत्नागिरीच्या तुरुंगांत या उच्चवर्णीय विद्वानानें भंगीकाम करूं देण्याची मागणी केली, ती नाकारली गेली म्हणून अन्न कमी केलें, आणि त्या प्रश्नावर येरवड्यांत महात्माजींनाहि उपवास करावा लागला. पुढें १९४८ मध्यें कणकवलीस गोपुरी आश्रम काढून त्यांनीं मैल्याचें खत आणि मैल्याचा जळाऊ वायु यांचे प्रयोग केले. सोनखत हा शब्द आपल्या भाषेंत पूर्वींपासून होताच. त्यांतील सोनें जातीच्या घाणींतून काढून विज्ञानाच्या हातीं देण्याचें काम अप्पांनीं केलें. त्यांचीच वाट पुढें डॉ. मापुस्कर यांनीं देहू गांवीं चालविली. १९६० च्या सुमारास सरकारी दवाखान्याचा डॉक्टर म्हणून तेथें गेलेल्या या गृहस्थानें रोगाचें मूळ औषधाच्या बाटलींत नसून उघड्यावरील मैल्यांत आहे हें ओळखलें, घरोघर संडास बांधविले आणि त्यांस वायुयंत्रें जोडलीं. २०१७ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली ती मरणोत्तर. आपण कर्तबगार माणसांचा गौरव करतों. फक्त त्यांचें काम तेवढें त्यांच्या हयातींत करीत नाहीं.

कचरा कुजविण्याच्या शास्त्राचें जन्मस्थानहि आपल्यापासून दूर नाहीं. १९२४ ते १९३१ या काळांत होळकरांच्या इंदुरास आल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेतांतील पालापाचोळा, शेण, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनीं वरखालीं करून, तीन महिन्यांच्या आंत उत्तम खत करण्याची रीत बसविली. ‘इंदूर पद्धति’ या नांवानें ती जगभर गेली. त्यावरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते, हें किती मराठी वाचकांस ठाऊक आहे? आमचे विद्यार्थी कुजण्याची रासायनिक क्रिया उत्तरपत्रिकेंत बिनचूक लिहितात आणि घरीं जाऊन केळ्याचें साल प्लॅस्टिकच्या पिशवींत गांठ मारून ठेवतात. आपल्या शिक्षणावर याहून मोठी टीका आम्हांस सुचत नाहीं.

तरीहि कांहीं जाणते म्हणतील, हें सर्व लहान प्रमाणावर ठीक. मोठ्या वस्तीस मोठें यंत्रच हवें. त्यांनीं वेंगुर्ल्याकडे पाहावें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील या लहान नगरपालिकेंत २०१५ पासून मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनीं घरोघर कचरा वेगळा करून घेण्याचा क्रम घातला. ओल्या कचऱ्याचा वायु, पालापाचोळ्याच्या कांड्या आणि प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरांत, अशी प्रत्येकाची वाट ठरवून दिली. आणि जेथें नाक धरून जावें लागे ती कचऱ्याची जागा पाहावयास सहली येऊं लागल्या. त्यांत अद्भुत असें यंत्र नव्हतें. प्रत्येक वस्तूस पुढची वाट मिळाली, एवढाच चमत्कार. मोठ्या शहराचें उदाहरण हवें असेल तर पुण्यांत १९९३ मध्यें कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली, आणि २००८ मध्यें त्याच बायांच्या सहकारी संस्थेनें घरोघर कचरा गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. पुणेंकरांच्या कचऱ्यांतून उपयोगी माल निवडण्याचें काम या बायांनीं केलें. शहराच्या स्वच्छतेचें श्रेय मात्र बहुधा दुसऱ्यांसच मिळालें.

आपल्या पनवेल तालुक्यांतहि उदाहरण नाहीं असें नाहीं. मुंबई-गोवा रस्त्यावर तारा या गांवीं युसुफ मेहेरअली सेंटर हें डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६१ मध्यें स्थापिलेल्या संस्थेचें केंद्र आहे. तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे उद्योग तेथें चालविले गेले, ते या श्रद्धेनें कीं, गांवचा माल गांवींच तयार झाला तर गांवचा पैसाहि गांवीं राहतो. आम्ही त्यांत आणखी एक वाक्य घालूं इच्छितों: गांवचें तेल गांवच्या घाणींतून गांवच्याच किटलींत गेलें, तर वेष्टनाचा प्रश्न जन्मासच येत नाहीं. पुनर्वापराचा सर्वांत उत्तम प्रकार म्हणजे जें टाकावें लागेल तें मुळांत न आणणें हा होय.

आतां नेहमींचे आक्षेप. जागा नाहीं, हा पहिला. ज्या गृहसंकुलांत दोनशें मोटारींस जागा निघते तेथें खताच्या दोन पिंपांस निघत नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. दुर्गंधि येते, हा दुसरा. दुर्गंधि कुजण्याची नव्हे, कोंडण्याची असते. ढिगास वारा मिळाला व तो वेळेवर हलविला तर त्यास ओल्या मातीचा वास येतो. गांठ मारलेल्या पिशवीस मात्र कोणत्याहि देशांत दुर्गंधिच येते. खर्च फार, हा तिसरा आक्षेप. ओल्या कचऱ्याचें बरेंचसें वजन पाण्याचें असतें. तें पाणी डिझेल जाळून मैलोगणती वाहून न्यावयाचें, तेथें तें झिरपून विहिरी नासवावयाच्या, आणि पुढें त्याच विहिरींच्या गांवास टँकरनें पाणी पुरवावयाचें, हा व्यवहार ज्यांस स्वस्त वाटतो त्यांच्याशीं हिशेबाचा वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

न कुजणाऱ्या वेष्टनाचा प्रश्न मात्र उकिरड्यानें सुटणारा नाहीं, हें आम्ही मान्य करतों. महाराष्ट्रानें मार्च २०१८ मध्यें प्लॅस्टिकबंदी केली. तिचा दंड भरला तो मुख्यतः भाजीवालीनें आणि फुलवाल्यानें. पुडी बनविणाऱ्यानें पुडी परत घ्यावी, हें तत्त्व कायद्यांत लिहिलें गेलें आहे. परंतु धोदाणीच्या दुकानांतली पुडी परत न्यावयास तिचा कर्ता केव्हां आला, हें त्या दुकानदारास विचारावें. जो नफा वाडीपर्यंत पोंचून घेतो, त्याचा परतीचा मार्गहि वाडीपर्यंत पोंचला पाहिजे.

श्रमदानाबद्दल एक शब्द. ओआहाकांतील ५७० नगरग्रामांपैकीं चारशेंहून अधिक ठिकाणीं कारभार अजून परंपरेच्या ग्रामसभेनें चालतो, आणि ‘तेकियो’ नांवाच्या रिवाजानें प्रत्येक घरास गांवच्या कामासाठीं ठराविक दिवस अंगमेहनत द्यावी लागते. रस्ता, पाट, शाळेची भिंत अशीं कामें त्यांतून होतात. तेथें तो उत्सव नव्हे, नागरिकत्वाची अट आहे. आपल्याकडे गाडगेबाबांनीं हेंच केलें. ते कीर्तनापूर्वीं गांव झाडीत, आणि मग बोलत. त्यांच्या नांवानें २०००-०१ मध्यें राज्यांत ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू झालें, त्यांत अनेक गांवांनीं खरोखरच कंबर बांधली, हें आम्ही आनंदानें नमूद करतों. परंतु आज जयंतीच्या दिवशीं नव्या कोऱ्या झाडूसह जीं छायाचित्रें निघतात, त्यांत झाडलेल्या जागेपेक्षां झाडणारांची संख्या अधिक असते.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. ओला कचरा ज्या गांवांत किंवा ज्या संकुलांत निघाला त्याची सीमा त्यानें ओलांडूं नये. कोणत्याहि शहराची क्षेपणभूमि दुसऱ्या गांवाच्या माथीं, त्या गांवच्या ग्रामसभेच्या संमतीवांचून, लादली जाऊं नये. वाहतुकीच्या ठेक्यावर जो पैसा जातो त्याचा मोठा भाग गांवांतील बचत गटांच्या स्त्रियांस कचरा निवडण्याचें व खत करण्याचें नियमित वेतन म्हणून मिळावा. आणि त्या कामास हातमोजे, छप्पर व प्रतिष्ठा असावी, म्हणजे तें पुन्हां एखाद्या जातीच्या गळ्यांत पडणार नाहीं. वेष्टन ज्यानें केलें त्यानें तें परत न्यावें. यांतील एकहि गोष्ट नवीन नाहीं, अशक्य नाहीं, आणि खेड्यास शिकवावी अशी तर मुळींच नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांस हें पटेल त्यांनीं सभा भरवूं नये व ठरावहि करूं नये. उद्यां सकाळीं घंटागाडी येईल तेव्हां आपली पिशवी कोठें जाते, हें गाडीवाल्यास विचारावें, आणि एखाद्या रविवारीं सहलीस गाढेश्वराऐवजीं त्या ठिकाणीं सहकुटुंब जाऊन यावें. मुलांसहि बरोबर न्यावें. भूगोलाचा तेवढा भाग शाळेंत शिकवीत नाहींत.